पर्णाला काय दिसतं

पडदा काळा तो काळाच. शलाकानं तिसऱ्यांदा बटण दाबलं. कॅबिनेटमधले पंखे गरगरले, मदरबोर्डवर नारिंगी दिवा लागला आणि पडद्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात दोनच शब्द फिरायला लागले: सिग्नल नाही.

"आलं का?" स्टुलावर बसलेल्या पर्णानं विचारलं. साडेसहा वर्षांची पोर. कपाळाभोवती रुंद पट्टा, नाकावर कॅमेऱ्याचा जाडजूड चष्मा, पाय अधांतरी हलत असलेले.

"नाही गं राणी. थोडं थांब."

"मी थांबूनच तर राहिली."

दारात पुंडलिकराव उभे होते. शलाकाचे सासरे, दर्यापुरात चाळीस वर्षं कूलर बनवणारे. गावंड्यांचा कूलर म्हटलं की पत्ता विचारावा लागत नसे. त्यांना कोणतंही यंत्र बंद पडलेलं बघवत नसे आणि बोलल्याशिवाय राहवतही नसे.

"नवं कोरं सामान अन् चालू नाही होऊन राहिलं? परत पाठवून दे."

"मामाजी, सामान चांगलं आहे. मीच काहीतरी चुकवलंय."

शलाका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. पेचकस, मीटर, सोल्डरिंग हे तिच्या रोजच्या हातातलं. पण आख्खा संगणक सुट्या भागांतून उभा करायची ही पहिलीच वेळ, आणि नेमकी हीच वेळ चुकून चालणार नव्हतं.

पर्णा दीड वर्षाची असताना एका तापानं तिच्या डोळ्यांच्या नसा गेल्या. डोळे तसेच टपोरे राहिले, फक्त त्यांच्याकडून मेंदूकडे जाणारा रस्ता बंद झाला. चौथ्या वर्षी नागपुरात तिच्या डोक्यात मागच्या बाजूला, मेंदूचा जो भाग पाहण्याचं काम करतो त्यावर, नखाएवढी पातळ पट्टी बसवली. तिच्यावर केसांहून बारीक अशी हजार टोकं. एका टोकाला हलकीशी वीज दिली की पर्णाला काळोखात एक ठिपका दिसायचा. ठिपक्यांची जुळणी केली की दाराची चौकट, पायरी, माणसाचा आकार. चष्म्यातला कॅमेरा चित्र घ्यायचा, दूर कुठेतरी कंपनीचे संगणक त्या चित्रातून कोणते ठिपके पेटवायचे ते ठरवायचे आणि कपाळावरचा पट्टा तो आदेश कवटीच्या आत पोचवायचा. सगळं सेकंदाच्या दहाव्या भागात. रंग नव्हते, चेहरे धड नव्हते. पण दोन वर्षं पर्णा अंगणात पळत होती, पायऱ्या उतरत होती आणि आबाजींची, म्हणजे आजोबांची, टोपी पळवत होती.

मग कंपनी बुडाली. एक ईमेल आला: तीन एप्रिलपासून सेवा थांबवण्यात येत आहे, होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. तीन तारखेला सकाळी पर्णा दात घासत होती. "आई, लाईट गेली," ती म्हणाली. लाईट गेली नव्हती.

नाझनीन काझी कंपनीच्या नागपूरच्या केंद्रात इंजिनीअर होत्या. त्यांचीही नोकरी गेली होती. त्यांनी फोनवर सांगितलं, "कोणत्या टोकानं कुठे ठिपका दिसतो तो पर्णाचा नकाशा आणि ठिपके ठरवणाऱ्या गणिताची प्रत माझ्याकडे आहे, मी देते. तेवढ्या ताकदीचं मशीन मात्र तुम्हाला घरीच बांधावं लागेल. आणि लवकर, शलाकाताई. मेंदूत जागा रिकामी पडून राहत नाही. पाहणं निघून गेलं की शेजारचे पसरतात. ऐकणं पसरतं, स्पर्श पसरतो. या वयात तर भराभर. सलग चाळीस दिवस नीट सिग्नल गेले नाहीत, तर नंतर ठिपके पेटतील, पण त्यांचा अर्थ लागणार नाही."

हा अकरावा दिवस होता.

शलाकानं रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा दाबून बसवल्या, टक् आवाज येईपर्यंत. वीजपुरवठ्याच्या तारा तपासल्या. पडदा काळाच.

पुंडलिकराव खाली वाकून कॅबिनेटची मागची बाजू बघत होते. "पडद्याची तार घालाले ह्याले दोन जागी भोकं कायले हायेत?"

"एक मदरबोर्डचं आणि एक ग्राफिक्स..." शलाका थांबली. तिनं केबल वरच्या भोकातून काढली आणि खालच्या कार्डात घातली. पडदा उजळला.

"पाय बरं," पुंडलिकराव म्हणाले. "मले इंजिनीअर काहून नाही केलं माह्या बापानं?"

पर्णा टाळ्या वाजवायला लागली. पट्ट्याचा दिवा हिरवा झाला. तिच्या टाळ्या थांबल्या. तिनं मान हळूहळू दाराकडे वळवली आणि ती म्हणाली, "दारात काडी उभी आहे. काडीले टोपी आहे."

अकरा मिनिटांनी मशीन आपोआप बंद पडलं. प्रोसेसरचं तापमान अठ्ठ्याण्णव अंश.

*

पुढचे पाच दिवस ते आकडे शलाकाच्या डोळ्यांसमोरून हलले नाहीत. चालू केलं की पंचावन्न, सत्तर, नव्वद, अठ्ठ्याण्णव, बंद. दर वेळी पर्णाचा काळोख उजळायचा आणि अकरा मिनिटांत विझायचा. दर वेळी शलाका कॅबिनेट उघडायची. "गेलं," असं पर्णा म्हणाली की शलाका पेचकस उचलायची. ती "बरं" म्हणायची, पण ते "बरं" वेगळंच निघायचं. पर्णा तेव्हा पाय हलवायची थांबायची.

चौथ्या दिवशी चूक सापडली. प्रोसेसरवर बसून त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या तळाला, तांब्याच्या चकचकीत पृष्ठभागावर, पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पापुद्रा तसाच होता. बसवण्याआधी तो काढायचा असतो. शलाका त्या पापुद्र्याकडे बघत राहिली आणि मग खूप दिवसांनी हसली. या घरात तीन वर्षांपूर्वीच्या फ्रिजच्या दांडीला अजून प्लास्टिक होतं. टीव्हीचा रिमोट पिशवीत होता. नव्या वस्तूचं वेष्टण काढलं की ती जुनी होते, हे इथे सगळ्यांनाच पटलेलं. एवढं घोटून घोटून लावलेली, उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट प्लास्टिकला लागत होती, तांब्याला नव्हे.

पापुद्रा निघाला. अकरा मिनिटांची चाळीस मिनिटं झाली. तरीही एक्क्याण्णव अंश, आणि मग बंद.

"आता काय चुकलं?" पर्णाच्या वडिलांनी, संदेशनं, फोनवर विचारलं. तो कच्छच्या रणात सौरवीज केंद्रावर होता, दोन महिन्यांनी घरी यायचा.

"काहीच चुकलं नाही. पंखा थंडावा तयार करत नाही रे, तो फक्त उष्णता ढकलतो. आणि ढकलणार कुठे? खोलीतच त्रेचाळीस आहे."

"एसी?"

"बारा ते पाच बंदी आहे ना. वीज पुरत नाही म्हणून, यंदा साऱ्या जिल्ह्याला."

संदेशनं आवाज खाली आणला. मग म्हणाला, "अमरावतीच्या शाळेचं पत्र आलं होतं. पाच मे रोजी बोलावलंय. ब्रेल शिकवतात, काठी शिकवतात. जाऊन तर ये."

"ती आंधळी नाही आहे."

"शलाका, मी तसं..."

"ती आंधळी नाही आहे, संदेश. तिला चाळीस मिनिटं दिसतं."

पुंडलिकराव पलीकडे कूलरच्या जाळीला वाळ्याची ताटी बांधत होते. फोन संपल्यावर ते नुसतं म्हणाले, "माह्यावर सोड."

दोन दिवस त्यांनी पत्रा कापला. मोठ्या कूलरला दुहेरी ताट्या, वर पाणी चढवणारी जास्त ताकदीची मोटर, म्हणजे ताट्या कधी सुकणार नाहीत. कूलरच्या तोंडापासून थेट कॅबिनेटच्या तोंडापर्यंत पत्र्याचं नळकांडं. विहिरीचं पाणी टाकीत सोडलं आणि बटण दाबलं तेव्हा खोलीभर वाळ्याचा वास पसरला.

नव्वदवरून पंचाहत्तर. अडुसष्ट. एकसष्ट. आणि एकसष्टवर आकडा थांबला. एक तास झाला, दोन तास झाले. सतराव्या दिवशी, वीस एप्रिलला, पर्णा सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाहत होती.

तिनं कपाटाच्या कडा बोटानं आणि नजरेनं एकदम गिरवल्या. खिडकीचे गज मोजले, पाच निघाले. मांजराच्या मागे गेली. आईसमोर येऊन तिनं मान इकडून तिकडे वळवली. "तुझं डोकं किती मोठं आहे!" ती म्हणाली. शलाकानं केस मोकळे सोडले होते.

घरी येईल त्याला पुंडलिकराव खुर्ची द्यायचे आणि नळकांड्याकडे बोट दाखवायचे. "त्या कंपनीनं हात वर केले. माह्या कूलरनं नातीले डोळे देल्ले."

शलाकानं नाझनीनना तापमानाचा आलेख पाठवला. त्यांनी उत्तरात एकामागून एक फुलांची चित्रं पाठवली. कूलरचा फोटो पाठवायचं शलाकाला सुचलं नाही. वऱ्हाडात उन्हाळ्यात कूलर असतो, त्यात सांगण्यासारखं काय?

अमरावतीच्या शाळेला तिनं कळवलं की जागा दुसऱ्या कुणाला द्यावी.

*

नाझनीननी एक चाचणी घालून दिली होती. रोज सकाळी पर्णासमोर एकेक वस्तू ठेवायची आणि ती ओळखते का ते टिपायचं. पडद्यावर ठिपके नीट दिसले तरी ते पोरीला दिसतात की नाही, हे पोरीलाच विचारावं लागतं. दुसरा मार्ग नाही. "दिसतंय का, असं विचारू नका," त्यांनी बजावलं होतं. "काय दिसतं, असं विचारा."

पहिले काही दिवस शलाकानं तसंच विचारलं. स्टीलची थाळी मांडायची आणि तिच्यावर वाटी, चमचा, कंगवा, चेंडू, पेला हे पाचच, रोज वेगळ्या क्रमानं. पर्णा पटापट सांगायची. मग सुट्ट्या संपून कॉलेजच्या परीक्षा आल्या. सकाळी डबा, पाणी, टाकी भरणं, कूलरच्या ताट्या. थाळीपुढे बसता बसता शलाका घाईघाईत म्हणायची, "दिसतंय ना गं सोनू?"

"हो."

आणि त्या "हो"नं तिचा दिवस सुरू व्हायचा. मग पाच वस्तू, पाच उत्तरं बरोबर, वहीत पाच खुणा.

मे महिन्यात दोनदा पर्णा कपाटाला धडकली. धांदरट झाली आहे, शलाकाला वाटलं. एकदा उलट्या चपला घालून अंगणात गेली. साडेसहा वर्षांची मुलं घालतातच उलट्या चपला. मांजराच्या मागे पळणं बंद झालं, तेव्हा शलाका पुंडलिकरावांना म्हणाली, "ऊन फार आहे, मांजरही कुठे पडून असेल." पडद्यावर ठिपके लखलखीत होते. एकसष्ट अंश. जिथे बघावं तिथे सगळं ठीक होतं.

अकरा जूनला तिनं पर्णाचे केस धुतले. चष्म्याला पाणी लागू नये म्हणून कॅमेऱ्यावर रबरी टोपण बसवलं. केस पुसून, वेणी घालून, पट्टा आणि चष्मा चढवून पोरीला स्टुलावर बसवलं. पडद्याकडे पाठ करून थाळी मांडली.

"पहिलं?"

"वाटी."

"आणि हे?"

"कंगवा. चेंडू. मग पेला. मग चमचा. झालं, आई?"

"हुशार!" शलाकानं पाच खुणा केल्या आणि तापमान लिहायला मागे वळली.

पडदा पूर्ण काळा होता.

पुन्हा तेच. तिनं सवयीनं केबल दाबून पाहिली, पडद्याचं बटण बंद-चालू केलं. पण तापमानाचा आकडा कोपऱ्यात नीट चमकत होता, एकसष्ट. पडदा सुरू होता. चित्रच काळं होतं. तिनं कॅमेरा बघायला मान वळवली आणि तिला टोपण दिसलं.

टोपण चष्म्यावरच होतं. ती काढायला विसरली होती.

पाच वस्तू. पाच उत्तरं बरोबर.

कूलरची घरघर चालू होती. शलाकानं टोपण हळूच काढलं. पडद्यावर ठिपके उमटले. तिनं ओढणीचा पदर घडी करून, आवाज होणार नाही असा, थाळीत ठेवला.

"आता काय ठेवलं, पर्णा?"

पर्णानं मान किंचित तिरपी केली. डोळ्यांची नव्हे, कानाची बाजू पुढे आली. ती वाट बघत होती. वाटीचा ठण्ण, कंगव्याचा खरखर, चेंडूचा दबका धप्प, पेल्याचा जाड आवाज, चमच्याचा किणकिण. यातलं काहीच आलं नाही.

"ठेवलंच नाही तू अजून," पर्णा म्हणाली.

शलाका तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"पर्णा. कधीपासून दिसत नाही तुला?"

पोरीचे पाय हलायचे थांबले. "दिसते."

"मी रागावणार नाही."

मग पर्णा खालच्या आवाजात म्हणाली, "आबाजींनी टरबूज आणलं होतं, ते हातातून पडून फुटलं. तेव्हा थोडं थोडं होतं. मग मुंग्यांसारखं झालं. मग गेलं."

टरबूज संदेशच्या वाढदिवसाला फुटलं होतं. एकोणतीस एप्रिल. शलाकानं बोटांवर मोजलं, एकदा, मग पुन्हा एकदा. बोटं कमी पडत होती, तरी ती मोजत राहिली. त्रेचाळीस.

"मला का नाही सांगितलं गं?"

"तू पेटी खोलली असती. मग तुझा आवाज तसा झाला असता."

"कसा?"

"आता झाला तसा," पर्णा म्हणाली.

*

कॅबिनेटची बाजू उघडल्यावर आधी काही दिसलं नाही. प्रोसेसर स्वच्छ, पंखे स्वच्छ. मग तिनं टॉर्च घेतला. अगदी मागे, नळकांड्याच्या तोंडासमोर, कपाळावरच्या पट्ट्याला आदेश पाठवणारी छोटी सर्किटची पट्टी होती. तिच्यावरच्या सोल्डरच्या बारीक टाक्यांवर पांढरी भुकटी जमली होती. काही तारांवर हिरवट.

पुंडलिकराव तिच्या खांद्यावरून बघत होते. त्यांनी बोट पुढे केलं, भुकटी टिपली आणि जिभेला लावली.

मागे सरून ते पलंगाच्या कडेवर बसले.

"खारं हाय," ते म्हणाले.

इथल्या विहिरींना खारं पाणी. पूर्णा नदीच्या खोऱ्यातली माती तशीच. कूलरच्या ताट्यांवर दर उन्हाळ्यात पांढरा थर चढतो. तो काढण्यातच पुंडलिकरावांचं आयुष्य गेलं होतं. वारा ताटीतून पाणी ओढतो, पाणी उडून जातं, वारा थंड होतो. इथवर सगळं ठीक. पण जास्त ताकदीच्या मोटरनं ताट्या अशा निथळत होत्या की वाऱ्याबरोबर न दिसणारे तुषारही निघत होते, आणि नळकांडं ते थेट पेटीत सोडत होतं. तुषार सुकायचा, मीठ राहायचं. मीठ दमटपणा धरून ठेवतं आणि दमट मिठातून वीज आपली वाट सोडून इकडेतिकडे झिरपते. आधी एक टोक चुकलं असेल, मग दहा, मग सगळी. टेबलावरचा पडदा दुसऱ्या वाटेनं जोडलेला. त्याला यातलं काहीच कळायचं कारण नव्हतं.

पुंडलिकराव उठले आणि त्यांनी कूलर बंद केला. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की पर्णानं दचकून विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही बापा."

ते दिवसभर तसेच बसले. दुपारी खोलीत चव्वेचाळीस झाले, सदरा पाठीला चिकटला, तरी त्यांनी कूलरला हात लावू दिला नाही. शलाका चिडली. "मामाजी, पोरगी घामानं भिजली. शिक्षा करायची तर मला करा. रोज सकाळी तिच्यासमोर मी बसत होते, तुम्ही नाही."

"ज्याले भेटलो त्याले सांगत फिरलो मी," ते म्हणाले. "ज्याले भेटलो त्याले."

शेवटी पर्णाच भिंतीला हात लावत गेली आणि तिनं बटण दाबलं.

*

नाझनीन पेटीतली नवीन सर्किटची पट्टी घेऊन स्वतःच आल्या. नागपूरहून बसनं, तिसऱ्या दिवशी. फोनवर दिसत त्याहून वयस्कर, पांढरे केस मागे बांधलेले. कूलरचं नळकांडं त्यांनी बघितलं. पाणी न पिताच कामाला लागल्या. मशीन पहाटे गार हवेत चालवायचं असं ठरलं, ताट्या कोरड्या ठेवून नुसता वारा. पट्टी बदलली. पट्ट्याचा दिवा हिरवा झाला. बावन्न अंश. पडद्यावर खिडकी उमटली, तिचे पाचही गज.

सगळं चालत होतं. इतकं नीट ते पूर्वी कधीच चाललं नव्हतं.

"पर्णा," नाझनीन म्हणाल्या, "काय होतंय ते सांग. चूक-बरोबर काही नाही."

पर्णानं आईच्या दिशेनं तोंड केलं.

"आईला नको विचारू. मला सांग."

"गुदगुल्या होतात."

"कुठे?"

पर्णानं उजवा हात उचलला आणि बोटं पसरली. "इथे. या दोन बोटांत. आता या बोटात."

नाझनीननी वीज थोडी वाढवली, कमी केली, दुसरी टोकं निवडली. सव्वा तास. पर्णा खरं सांगत होती: अंगठा. करंगळी. तळवा. एकदा कानात शीळ. ठिपका एकदाही नाही.

शेवटी त्यांनी कीबोर्ड बाजूला सारला. शलाका त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेली.

"मेंदूतल्या त्या जागेवर आता बोटं राहायला आली आहेत," नाझनीन म्हणाल्या. "मशीनमध्ये काही बिघाड नाही, शलाकाताई."

"परत नाही फिरवता येणार?"

"थोडे दिवस चालू ठेवा, बघत राहू. पण मी खोटी आशा नाही लावणार. मला तसं परत दिसायला लागलेलं एकही मूल माहीत नाही."

"तुम्ही सांगितलं होतं, कसं विचारायचं ते."

नाझनीननी तिचा हात धरला. "मलाही दोन मुली आहेत. मीही तसंच विचारलं असतं."

बस निघून गेल्यावरही शलाका फाटकाशी उभी होती. मग तिनं संदेशला फोन लावला. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घेत गेला. शाळेचं नाव त्यानं काढलं नाही. यंदाच्या जागा भरल्या होत्या, हे दोघांनाही ठाऊक होतं. "तू जेवलीस का?" एवढंच त्यानं विचारलं. तो भांडला असता तर बरं झालं असतं.

पुढचे चार दिवस मशीन पहाटे चालायचं. पर्णा पट्टा बांधून बसायची, शलाका शेजारी बसायची, कोणी काही विचारायचं नाही. पुंडलिकराव बाहेर ओट्यावर. त्यांनी कूलरच्या दुकानाचं शटर ओढलं होतं ते उघडलंच नव्हतं.

पाचव्या सकाळी शलाका चहा गाळत होती. आतून पर्णाचा आवाज आला, मोठा, आनंदी.

"आई! दिसतंय!"

शलाकाच्या हातातली गाळणी कपात पडली. ती दारापर्यंत धावत गेली.

"खरंच, आई. खिडकी दिसली. पाच गज आहेत. पाचही दिसले."

पर्णा स्टुलावर ताठ बसली होती. तोंडभर हसू. तिचं तोंड भिंतीकडे होतं. खिडकी तिच्या पाठीमागे होती.

शलाका चौकट धरून उभी राहिली. "अरे वा" म्हणायला किती सोपं होतं. दोन शब्द, आणि पोरीचं हसू तसंच राहिलं असतं, आजचा दिवस गेला असता, उद्याचाही गेला असता.

"पर्णा," ती म्हणाली, "खिडकी तुझ्या मागे आहे गं."

हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ तसंच राहिलं, कोणी काढायला विसरल्यासारखं. मग पर्णाची हनुवटी खाली गेली.

"तुझा आवाज तसा झाला."

"हो. झाला."

"माझ्यामुळे."

"नाही. मला खूप वाईट वाटून राहिलं म्हणून. ते तुला दुरुस्त करायचं नाही आहे, पर्णा. तुला दिसत नसेल तर नाही म्हणायचं. माझा आवाज कसाही झाला तरी नाही म्हणायचं."

पर्णा विचार करत बसली. पट्ट्याचा दिवा हिरवा होता. तिच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप हलत होती.

"नाही दिसत," ती म्हणाली. आणि मग, नीट ऐकू यावं म्हणून, मोठ्यानं, "काहीच नाही दिसत, आई."

शलाकानं तोंडावर पदर घेतला. अडीच महिने ती अशीच रडत आली होती, पदर दातांत धरून, मोरीत, पाण्याचा नळ सोडून.

"आई? कुठे गेली तू?"

पर्णानं पट्टा काढून स्टुलावर ठेवला आणि ती खाली उतरली. दोन पावलं टाकली ती कपाटाच्या दिशेनं. हात पुढे, बोटं ताणलेली. मग थांबली. खोलीत कुठूनच आवाज नव्हता.

शलाकानं पदर सोडला. तोंड उघडलं आणि जे इतके दिवस आत कोंडलं होतं ते मोठ्यानं, गळा काढून, बाहेर ओट्यावर म्हातारा दचकून उठेल इतक्या मोठ्यानं येऊ दिलं.

पर्णानं मान तिरपी केली. आणि कपाटाला न धडकता ती त्या रडण्याकडे चालत आली.